घरची आंबवण गुन्हा, कारखान्याची बाटली महसूल



दारूचा विषय बैठकीत निघाला की दोनच गोष्टी घडतात. काही जण बंदीची भाषणे करतात आणि बाकीचे मान खाली घालून गप्प बसतात. मूळ प्रश्न तसाच राहतो. माझ्या शेतातली ज्वारी, माझ्या बांधावरचा मोह, माझ्या बागेतली वाऱ्याने आडवी झालेली केळी माझ्या घरात आंबवायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न पिणाऱ्यांचा आहे तसाच न पिणाऱ्यांचाही आहे. कारण तो मालाच्या मालकीचा आहे.

परदेशात लोक हौसेने वर्षभर घरी बीअर करतात आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मांडतात: किती धान्य लागले, किती पिंप बिघडले, किती जमले. इंग्लंडात १९६३ सालापासून त्यासाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तिथे घरची बीअर १९७८ च्या कायद्याने मोकळी झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. तिथेसुद्धा मोकळीक आहे ती आंबवण्याला. भट्टी लावून दारू गाळायला परवाना लागतोच.

हा फरक नीट समजून घेतला पाहिजे. ज्वारी भिजवली, मोड आणले, वाळवून भरडली आणि पाण्यात तापवली की दाण्यातल्या पिठाची साखर होते. त्या पाण्यात किण्व पडले की साखरेची दारू आणि कर्बवायू होतो. ही झाली बीअर. आंबील किंवा इडलीचे पीठ आंबवणाऱ्या बाईला यात नवे काही नाही. मोहाची दारू करताना एक पायरी जास्त असते. आंबवलेली फुले भांड्यात तापवून वाफ थंड करतात, म्हणून ती कडक होते.

सातपुड्यातल्या घराचे वर्ष पाहा. होळीच्या आगेमागे मोह गळायला लागतो. पहाटे बाया आणि पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फुले वाळवून कणगीत भरली की वर्षाची बेगमी होते. ती भाजून खातात, पिठात मिसळतात, नड आली तर बाजारात विकतात. त्यातलीच थोडी गाळतात. देवाला पहिली धार, जन्माला, लग्नाला, मयताला दोन घोट. भिल्ल, पावरा यांच्या घरात ही रीत इंग्रज येण्याच्या आधीपासून आहे.

ती गुन्हा कधी झाली? १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू सरकारी देखरेखीखालच्या मध्यवर्ती भट्टीत गाळायची आणि मक्तेदाराने विकायची, ही पद्धत त्यातून पक्की झाली. १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांसाठीच वेगळा कायदा करण्यात आला. आदिवासी शुद्धीवर राहावा म्हणून हे झाले नाही. सरकारला महसूल हवा होता, आणि ज्याच्या दारात मोह आहे तो दुकानात कशाला जाईल?

गोरे गेले, १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा आला. तोच महाराष्ट्रात आजही चालू आहे. बंदी पुढे सैल होत गेली. आज तालुक्याला परमिट रूम आहेत, देशी दारूची सरकारमान्य दुकाने आहेत. परंतु घरी दारू करणे त्या कायद्याच्या ६५ व्या कलमाखाली गुन्हाच आहे, आणि गाळण्याची भांडी जवळ ठेवणे हाही गुन्हा. बंदी उरली ती करणाऱ्यावर. विकत घेणाऱ्याला परवाना आणि विकणाऱ्याला लायसन्स.

शिरपूरहून आग्रा रोडने घाट चढून सेंधव्याला जा. डोंगर तोच, माणसे तीच, नातीगोतीही तीच. पण मध्य प्रदेशच्या अबकारी कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला घरच्या वापरासाठी आणि सणासमारंभासाठी ठरावीक मर्यादेत दारू करण्याची मुभा आहे. २०२२ पासून त्या राज्याने मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता दिली आणि आदिवासी बचत गटांना ती बाटलीत भरून विकण्याची वाट मोकळी केली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. आमच्याकडे २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध उठले. फूल मोकळे झाले, पण त्या फुलातून मिळणारा नफा अजून कुलुपात आहे.

आता शेतीकडे या. २००७ साली सरकारने धान्यापासून दारू करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. कारण काय सांगितले? पावसात काळी पडलेली ज्वारी-बाजरी विकली जात नाही, शेतकऱ्याला आधार मिळेल. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय झाला. त्यालाही नाव शेतकऱ्याचेच. विरोध झाला आणि तो रखडला. दोन्ही वेळा एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही: काळ्या ज्वारीपासून माल होत असेल आणि तो नफ्याचा असेल, तर तो करण्याची मुभा ज्याची ज्वारी आहे त्याला का नको? कच्चा माल मातीमोल भावाने आम्ही द्यायचा आणि पक्क्या मालाचा परवाना दुसऱ्याने घ्यायचा, हा धंदा कापसात पाहिला, उसात पाहिला. दारूतही तोच.

रावेर-यावलची केळी मे-जूनच्या वादळात आडवी होते तेव्हा घड उकिरड्यावर जातात. पूर्व आफ्रिकेत, युगांडा-रवांडाकडे, शेतकऱ्यांच्या घरी पिकल्या केळीचा रस काढून त्यात ज्वारीचे भाजके पीठ घालतात आणि आंबवतात. ती केळीची बीअर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. केळी आणि ज्वारी ही दोन्ही खानदेशची पिके. आमच्याकडे असे काही करून पाहणाऱ्याच्या दारात आधी जीप येईल.

त्याच आफ्रिकेतली दुसरी गोष्टही ऐका. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बीअर घरोघरी बायका करीत. १९०८ साली नाताळमध्ये कायदा झाला. डर्बन नगरपालिकेने बीअरचा मक्ता स्वतःकडे घेतला, घरची बीअर गुन्हा ठरवली आणि आपले पिठे उघडले. त्या नफ्यातून काळ्यांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचा खर्च चालला. १९५९ साली डर्बनजवळच्या केटो मॅनरमधल्या बायका काठ्या घेऊन त्या पिठ्यांत घुसल्या. नवऱ्याची मजुरी पिठ्यात जाते आणि आमची भांडी पोलीस ओततात, हे त्यांचे दुःख होते.

इथे मायबहिणींपैकी कोणी उठून विचारेल: 'भाऊ, हे सगळे ठीक, पण मार आम्ही खातो त्याचे काय?' हा प्रश्न टाळून या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही. शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली आणि वर्षभरात आदिवासी बायांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत माफी मागायला लावली. त्याही आधी, तीसच्या दशकात, तळोद्याकडच्या गुला महाराजांच्या सांगण्यावरून हजारो आदिवासींनी दारू सोडली होती. घरची दारू पवित्र आणि दुकानची वाईट असे कोणी म्हणत असेल तर तो खोटे बोलतो. दारू कुठलीही असो, घर मोडू शकते.

परंतु दोन्ही वेळा काय घडले ते पाहा. निर्णय गावाने केला आणि पाळलाही गावाने. सरकारी बंदीला हे जमलेले नाही. गुजरातेत १९६० पासून बंदी आहे आणि दारू मिळत नाही असे कोणी म्हणत नाही. बंदीच्या सावलीत हप्ता वाढतो आणि चोरट्या दारूत काय मिसळले याची कोणाला दाद लागत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली. ती मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन मेली. ते औद्योगिक रसायन होते, आणि मरणारे गरीब होते.

म्हणून आपल्या जिल्हा बैठकांपुढे मी तीन गोष्टी ठेवतो.

एक : घरच्या धान्याची आणि फळांची आंबवण, गाळलेली नव्हे, घरच्या वापरापुरती आणि ठरावीक मर्यादेत गुन्हा राहू नये. विक्री केली तर कायदा लागू.

दोन : मोहाचा निर्णय ग्रामसभेचा असावा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रणाचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा अधिकार गावाला दिलाच आहे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली कितीतरी गावे त्यात येतात. तिथे बायांची वेगळी सभा आधी व्हावी आणि तिने नाही म्हटले तर नाही. मुभा देण्याचा अधिकार गावाचा, तसाच मडके फोडण्याचाही.

तीन : शेतकऱ्यांच्या आणि बायांच्या गटाला लहान प्रमाणावर ज्वारी, केळी, मोह यांची बीअर-वाइन करायची असेल तर परवान्याची फी त्याच्या आकाराला शोभेल अशी असावी. कारखानदाराला अनुदान आणि गटाला अडथळा हे चालणार नाही.

यातून शेतीचे कर्ज फिटेल असे मी म्हणत नाही. ज्वारीला आणि केळीला रास्त भाव मिळाला तर किती जण आंबवणाच्या मागे लागतील कोण जाणे. बहुतेक जण लागणारही नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. पण न करणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग असावा. जीपच्या धाकाने सोडलेली गोष्ट व्यसनमुक्ती नसते.

तालुका बैठकीत या तीन कलमांवर चर्चा व्हावी. विरोध असेल तर तोही उभे राहून मांडावा, आणि पहिल्यांदा बोलण्याची पाळी मायबहिणींची असावी.