एक्सप्लेनर : भवानी पेठेचा ‘शेरीफ’ कोण? अमेरिकेत एकाचे काम, सोलापुरात तिघांकडे

अमेरिकन वेब सिरीजमधला शेरीफ गुन्हेगार पकडतो, तुरुंग सांभाळतो आणि कोर्टाचे समन्सही बजावतो. सोलापूरच्या भवानी पेठेत ही कामे कोण करते? उत्तर एका नावात मिळत नाही. अडचणीत कोणते दार ठोठवायचे, हे मात्र त्यावरच ठरते.

शेरीफ म्हणजे काय?
अमेरिकेतील काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. बहुतांश राज्यांत तिचा शेरीफ थेट मतदानाने निवडला जातो. काम आवडले नाही तर मतदार त्याला घरी बसवू शकतात. पण मतांसाठी झुकण्याचा धोकाही तिथेच असतो.

महाराष्ट्रात शेरीफ आहे?
आहे, पण मुंबईत. मराठीत त्याला नगरपाल म्हणतात. पद एक वर्षाचे, मानाचे. पोलिसी अधिकार नाहीत. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी ते भूषवले. त्यांचे कार्यालय उच्च न्यायालयाचे समन्स आणि जप्तीचे आदेश बजावते.

मग सोलापुरात कोण?
• गुन्हे, बंदोबस्त : शहरात पोलीस आयुक्त. जमावबंदीसारखे दंडाधिकाऱ्यांचे काही अधिकारही त्यांच्याकडे असतात. शहराबाहेर ग्रामीण पोलीस अधीक्षक.
• समन्स, जप्ती : जिल्हा न्यायालयाच्या नाझर विभागाचे बेलिफ.
• तुरुंग : राज्याचा कारागृह विभाग.

लोकांच्या सर्वांत जवळचा कोण?
गावात पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानुसार तो स्थानिक रहिवाशांतून नेमला जातो, निवडून येत नाही. गावातली खबर पोलिसांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे मुख्य काम. २०२४ मध्ये त्याचे मासिक मानधन साडेसहा हजारांवरून १५ हजार रुपये करण्याचा निर्णय झाला. भवानी पेठ महापालिका हद्दीत असल्याने इथे ही व्यवस्था नाही. इथे पहिला संबंध येतो तो थेट पोलीस ठाण्याशी.

ठाण्यात दाद लागली नाही तर?
आपल्याकडे अधिकारी मतांनी बदलता येत नाही. त्यामुळे कायद्यातल्या पायऱ्या माहीत असणे महत्त्वाचे.
१. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचे कारण चालत नाही.
२. नोंद नाकारल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे लेखी, टपालानेही तक्रार करता येते.
३. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.
४. पोलिसांच्याच गंभीर गैरवर्तनाबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या प्रकाश सिंह निकालानंतर राज्याने २०१४ मध्ये कायद्यात त्याची तरतूद केली.

थोडक्यात
शेरीफला जाब विचारण्याची संधी निवडणुकीत मिळते. भवानी पेठेतल्या नागरिकाला ती रोज आहे, पण तोंडी नव्हे, लेखी. म्हणून अर्ज दिला की त्याची पोच घ्यायला विसरू नका.