खिशात काय असावे?

खिसा म्हटला की आपल्याला पैसे आठवतात. खिसा भरलेला, रिकामा किंवा कापलेला. साऱ्या गोष्टी पैशाच्याच. परंतु पैशाखेरीज खिशात काय असावे, याचा विचार आपण विद्यार्थी मंडळी फारशी करीत नाही. आपल्या आधीची माणसे तो करीत होती. जुन्या माणसांच्या चंचीत पानसुपारीबरोबर अडकित्ता असे. कोकणातला माणूस रानात निघाला की कमरेच्या आकडीला कोयती अडकवतो. जसे काम, तसे हत्यार, हा साधा हिशेब त्यामागे असतो.

अलीकडे वर्गातल्या काही मित्रांना दहा-बारा पात्यांच्या स्विस चाकूचे वेड लागले आहे. वस्तू देखणी आहे, यात शंका नाही. पण ती जन्मली कशी? १८९१ साली स्विस सैन्याला असे चाकू मिळू लागले. त्यात पाते, टोच्या, डबा उघडायचे पाते आणि स्क्रू-ड्रायव्हर, एवढेच होते. सैनिकाला रायफल खोलावी लागे आणि डबाबंद अन्न फोडावे लागे, म्हणून ही निवड. आपल्याला काय खोलायचे आहे? बोरीवली ते चर्चगेट हे सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर आपण बहुधा उभ्यानेच काटतो. या प्रवासात चपलेचा अंगठा तुटतो, बॅगेचा पट्टा निसटतो, ओढणी फाटते. आपली लढाई ही! तिला साजेसे हत्यार कोणते?

माझ्या मते त्याचे उत्तर बायकांच्या डब्यात आहे. आम्हा मुलींच्या कपड्यांना बहुधा खिसेच नसतात. तरीही सकाळच्या लोकलमधल्या एखाद्या मावशींच्या हातातल्या बांगडीकडे पाहा. तिथे चार-पाच सेफ्टी पिना लटकत असतात. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४९ मध्ये या पिनेचे पेटंट घेतले. त्यानंतर तिच्यात सुधारणा करण्याजोगे फारसे काही उरलेले नाही. तुटलेली चप्पल ती स्टेशनपर्यंत पोहोचवते, नाडी ओवते, काटा काढते आणि गर्दीचा फायदा घेणाऱ्याला त्याची जागाही दाखवते. शिवाय कोणी "पिन आहे का हो?" असे विचारले, तर तीन हात पुढे येतात.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे. घड्याळ, नकाशा, बॅटरी सारे त्यातच. खरे आहे, पण तो चालू असेपर्यंतच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण जन्मलेही नव्हते. पण ज्यांच्या घरची माणसे रात्रभर चालत उपनगरात परतली, त्यांना विचारा. फोन लागत नव्हते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजपुरवठा कोलमडला आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणून पिनेच्या जोडीला बोटाएवढी टॉर्च आणि घरच्या चार क्रमांकांची एक चिठ्ठी असावी. आज कितीजणांना आपल्या आईचा नंबर पाठ आहे?

आता थोडे नाजूक विषयाबद्दल. मुलींनी संरक्षणासाठी चाकू बाळगावा, असे सांगणारे हितचिंतक भेटतात. मला हे पटत नाही. गर्दीत चाकू काढला तर तो कोणाला लागेल याचा भरवसा नाही, आणि हिसकावला गेला तर तो आपल्यावरच उलटायचा. मेट्रोच्या दाराशी बॅग तपासली जाते, तिथे खुलासा करीत बसावे लागेल ते निराळेच. त्यापेक्षा शिटी बरी. रात्री उशिरा रिकाम्या डब्यात चाकू एकट्याचाच असतो. शिटी मात्र शेजारच्या डब्यातल्या माणसालाही जागे करते. रेल्वेचा १३९ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहिलेला असावाच.

म्हणजे झाले काय? पिना, टॉर्च, शिटी, चिठ्ठी. किंमत एका सिनेमाच्या तिकिटाहूनही कमी. ज्याला चष्मा आहे त्याने बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. ज्याला चित्रकलेचा नाद आहे त्याने पेन्सिल आणि टोकयंत्र. दर महिन्याच्या अखेरीस बॅग पलंगावर उपडी करावी. जे महिनाभरात कामाला आले नाही, ते काढून टाकावे; अपवाद फक्त टॉर्च आणि शिटीचा, कारण त्यांची गरज सांगून येत नाही.

आणि आणखी एक कसोटी लावावी. आपल्याजवळची वस्तू अनोळखी माणसाला निःशंकपणे देता येते का? पिन देता येते, टॉर्च देता येते. महागडा चाकू आपण देत नाही, फक्त दाखवतो. रोज लाखो माणसांच्या गर्दीतून प्रवास करणाऱ्यांनी दाखवण्याच्या वस्तूंपेक्षा देण्याच्या वस्तू जवळ बाळगाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.