गोळीच्या घड्याळाची हमी कोण देणार?

नेवासा / प्रतिनिधी

मधुमेह वा रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांच्या नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ अशी अक्षरे छापलेली असतात. नेवाशासारख्या तालुक्याच्या गावापासून पुण्या-मुंबईपर्यंत असंख्य रुग्ण अशा गोळ्या रोज घेतात. अक्षरांचा अर्थ मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. गोळीतील औषध एकदम न सुटता कित्येक तास संथपणे सुटत राहील, असे ते आश्वासन आहे. दिवसातून दोन-तीनदा घ्यावे लागणारे मेटफॉर्मिन त्यामुळेच बहुधा एकदा घेऊन भागते.

या गोळ्यांत बहुधा हायप्रोमेलोजसारखा, सेल्युलोजपासून बनविलेला पदार्थ असतो. पाणी लागताच तो फुगतो, गोळीभोवती चिकट थर धरतो आणि औषध त्यातून झिरपत राहते. तो कमी पडला तर औषध लवकर सुटते. जास्त झाला तर गोळीतच अडकते. हे नेमके प्रमाण संख्याशास्त्राच्या आधारे शोधले जाते.

ही पद्धत मूळची शेतातली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात तिचा पाया घातला. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४च्या ग्रंथाने ती कृषी संशोधकांच्या हाती दिली. उसाला नत्र किती व पाणी किती, हे वेगवेगळे तपासून भागत नाही. दोन्हींचा एकमेकांवर होणारा परिणामही पाहावा लागतो. दोन घटक प्रत्येकी तीन प्रमाणांत घेतले की नऊ वाफे होतात. औषधनिर्माणशास्त्राचा विद्यार्थी नऊ वाफ्यांऐवजी नऊ पाककृतींच्या गोळ्या बनवितो, दर तासाला किती औषध विरघळले ते मोजतो आणि त्यावरून समीकरण मांडून सर्वोत्तम प्रमाण काढतो.

मात्र हे समीकरण तपासलेल्या मर्यादेतच खरे असते. प्रयोगशाळेतील मूठभर गोळ्यांवरून कारखान्यातील लाखो गोळ्यांवर जाताना यंत्र बदलते, कच्च्या मालाचा चिकटपणा बदलतो आणि गोळीचे ‘घड्याळ’ पुढेमागे होऊ शकते. औषधाचे वजन पुरेपूर भरूनही गोळी सदोष ठरते ती येथेच. अमेरिकेत पॅलाडोन हे दीर्घकाळ सुटणारे वेदनाशामक २००५ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. मद्याबरोबर घेतल्यास त्यातील औषध एकदम सुटण्याचा धोका दिसून आला होता.

भारतीय कायद्याला हा धोका मान्य आहे. २०१९च्या नियमांनुसार इतर बहुतेक नवी औषधे चार वर्षांनी ‘नवी’ राहत नाहीत. दीर्घकाळ सुटणारे औषध मात्र कायम नवेच मानले जाते आणि त्यास केंद्राची परवानगी लागते. पण परवानगी एकदा मिळते, गोळ्या रोज बनतात. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेच्या अप्रमाणित औषधांच्या मासिक यादीत विद्राव्यता चाचणीतील अपयश हे वारंवार आढळणारे कारण आहे. ही यादी तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत मराठीतून आणि वेळेवर पोहोचविणे, तसेच तेथूनही नियमित नमुने घेणे, हे अन्न व औषध प्रशासनाचे कर्तव्य ठरते.

रुग्णाच्या हातीही थोडे आहे. अशी गोळी चावू वा कुटू नये. काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण डॉक्टर वा फार्मासिस्टला विचारूनच. संख्याशास्त्र उत्तम गोळी कशी बनवावी हे सांगते; दुकानातील गोळी तशीच आहे की नाही, हे केवळ तपासणी सांगू शकते.