खात्यातले पैसे आणि ताटातली डाळ



मधल्या सुट्टीत आमच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं, "फुकटचे पैसे मिळाले की माणसं बिघडतात." २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात यायला लागले, तेव्हापासून तर जास्तच. मला हे पटत नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई शेतमजुरी करते. तिला सहज विचारलं, पैशांचं काय करता? म्हणाली, "बाई, आधी दुकानाची उधारी फेडली. आता तूरडाळ आणते, आन् बाजाराच्या दिवशी पोरीला अंडी." खरंच आहे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, पण डाळ, तेल, भाजी विकतच घ्यावी लागते. हातात पैसा नसला की पहिली कात्री तिथंच लागते आणि वरण पातळ होतं.

एका आईवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला महिना २०० रुपये, मुलामागे १००. अट काहीच नाही. पुढे रक्कम वाढवली. त्या घरांत डाळी, भाज्या, अंडी जास्त येऊ लागली आणि मुलांची, विशेषतः मुलींची, वजनं सुधारली. दारूवरचा खर्च काही वाढला नाही! शिक्षकांनीच अशा अफवा पसरवू नयेत, एवढंच म्हणते.

मग धान्य बंद करून पैसेच द्यावेत का? इथं मात्र माझा विरोध आहे. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, नंतर १७०. आता भाव चढला तरी रेशनचं पाच किलो पाच किलोच राहतं. पैशाचं तसं नाही. धान्य हवंच, पैसे त्याच्या जोडीला, आणि तेही आईच्या खात्यात, वेळेवर.

हप्ता लांबला की काय होतं ते मला वर्गात दिसतं. त्या महिन्यात ती मुलगी शाळेतली खिचडी दोनदा मागून घेते.