म्हातारपणाचे दोन दर

निवृत्तीनंतर सुखाने जगायचे तर गाठीला किती पैसा हवा, हा प्रश्न अलीकडे वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांतून वारंवार चर्चिला जातो. कोणी दोन कोटी सांगतो, कोणी पाच कोटी. प्रश्न मुळात गैर नाही. म्हातारपण सर्वांनाच येते व त्याची चिंता करणे शहाणपणाचेच आहे. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नेहमी एकाच वर्गातील माणूस असतो. तोच प्रश्न सोलापूरच्या भवानी पेठेत विचारला, तर उत्तर कोटींत येणार नाही, लाखांतही येणार नाही. तेथे हिशेब दरमहाचा असतो आणि तो एक हजार रुपयांपासून सुरू होतो.

शहराच्या पूर्वभागातील इतर पेठांप्रमाणे भवानी पेठही यंत्रमागाची आणि बिडीची वस्ती आहे. तेलंगणातून काही पिढ्यांपूर्वी आलेल्या विणकर कुटुंबांनी ज्या चादरींचे आणि टॉवेलांचे नाव देशभर केले, त्या चादरी येथल्याच हातांनी विणल्या. पुरुष मागावर, स्त्रिया बिडीवर किंवा कांड्या भरण्यावर, अशी येथील अनेक घरांची जुनी वाटणी. अशा घरात श्रीमंतीची व्याख्या फार साधी असते. औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर मुलाच्या खिशाकडे पाहावे लागू नये. महिनाअखेर किराणा दुकानदारासमोर मान खाली घालावी लागू नये. सणाला नातवंडाच्या हातावर स्वतःच्या पैशातली नोट ठेवता यावी. ज्याला एवढे जमले तो येथे सुखवस्तू. ही अपेक्षा अवास्तव आहे असे कोणी म्हणू शकेल काय? तरीही चाळीस वर्षे श्रम केलेल्या माणसाला ती पुरी करता येत नाही. याचे कारण त्याच्या आळसात नाही, उधळपट्टीतही नाही. ते कायद्यात आणि राज्यकर्त्यांच्या निर्णयांत शोधले पाहिजे.

खाजगी उद्योगांतील कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मालकाच्या भविष्यनिधी वर्गणीतून वेतनाचे ८.३३ टक्के या योजनेकडे वळविण्यात आले आणि केंद्र सरकारने आपला वाटा १.१६ टक्के ठेवला. निवृत्तिवेतनाचे गणित असे : पात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. महिना सात हजार रुपये पात्र वेतनावर पंधरा वर्षे नोकरी झालेल्या कामगाराला या सूत्राने दीड हजार रुपये मिळतात. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जी रक्कम एकदा ठरते, ती महागाईबरोबर वाढत नाही. ज्यांचा हिशेब याहूनही खाली येत होता, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०१४ मध्ये किमान एक हजार रुपये ठरविण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीने किमान तीन हजारांची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली. त्यानंतर दहा वर्षे उलटली, तेल, डाळ, औषधे, घरभाडे, विजेचे बिल सारे वाढले, हजाराचा आकडा मात्र हलला नाही. २०१४ च्या हजार रुपयांत जे मिळत होते, त्यातले आज जेमतेम सहाशे रुपयांचे हाती येते.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहावा. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला. देशात इतरत्रही असंतोष होता. त्याचा परिणाम म्हणून केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. तिच्यात किमान दहा वर्षे सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला दरमहा किमान दहा हजार रुपयांची हमी आहे व त्यावर महागाई भत्ताही आहे. कर्मचारी संघटित होते म्हणून त्यांनी हे मिळविले. त्याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही. मात्र या निर्णयाने सरकारने नकळत एक कबुली दिली आहे. दहा वर्षे काम केलेल्या माणसाला म्हातारपणी जगण्यासाठी दहा हजारांहून कमी चालणार नाही, ही ती कबुली. मग मागावर दहा वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला एक हजार कसे पुरतात? त्याच्या घरात गहू स्वस्त मिळतो काय? दोन्ही निर्णय एकाच सरकारी दप्तरातले आहेत. एकाच देशात म्हातारपणाचे दोन दर ठरले असून त्यांत दहापटीचे अंतर आहे.

यावर एक उत्तर तयार असते. सरकारी नोकर स्वतः दहा टक्के वर्गणी भरतो, कामगाराला भविष्यनिधीची एकरकमी रक्कम मिळते. हे खरे आहे. पण ती रक्कम निवृत्तीपर्यंत शिल्लक राहते किती? मुलीचे लग्न, घरातले आजारपण, बंद पडलेला कारखाना, अंगावरचे कर्ज, यांत ती बहुधा आधीच खर्ची पडलेली असते. दुसरे उत्तर याहून निष्ठुर आहे : ज्याने त्याने आपली बचत करावी. तर तेही गणित करून पाहू. एका मागवाल्याने रोज पन्नास रुपये बाजूला टाकले आणि वर्षाचे तीनशे दिवस काम मिळाले, तर वर्षाला पंधरा हजार साठतात. तीस वर्षांत एकदाही खंड न पडता आठ टक्के व्याजाने ते सुमारे सतरा लाख होतात. आकडा मोठा दिसतो. पण त्या तीस वर्षांत महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर त्या सतरा लाखांची आजच्या भावातील किंमत तीन लाखांच्या आत येते. तिच्यावर सहा टक्के व्याज धरले तर महिन्याला दीड हजारही पुरते पडत नाहीत. तीस वर्षे एकही दिवस पोट आवळायचे सोडले नाही, तरी माणूस जेथल्या तेथेच! व्यक्तिगत काटकसरीने हा प्रश्न सुटत नाही, हे सांगायला कोणत्याही तत्त्वज्ञानाची गरज नाही. अंकगणित पुरेसे आहे.

सोलापूरच्या इतिहासात या अन्यायाला एक बोलका संदर्भ आहे. 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी व्यवस्थापनाने ऑगस्ट १९४९ मध्ये बंद केली. हजारो कामगार रस्त्यावर आले. जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. एका भागधारकाने याविरुद्ध दावा लावला आणि १९५३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे भरपाईवाचून मालमत्ता हिरावून घेणे आहे, सबब अवैध. पुढे १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली, तिच्या पार्श्वभूमीत हा सोलापूरचा खटलाही होता. भागधारकाच्या मालमत्तेची दाद चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिच्यापायी घटनेची चर्चा झाली. त्या गिरणीतल्या कामगाराने दिलेली उमेदीची वर्षे ही मात्र कोणाच्याच लेखी मालमत्ता ठरली नाही. वास्तविक म्हातारपणी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद करण्याचा आदेश घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात राज्यसंस्थेला आहे. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून निर्माण होणारा तो हक्क आहे, असे डिसेंबर १९८२ मध्ये नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तो खटला सरकारी निवृत्तांचा होता. त्यातले तत्त्व भवानी पेठेच्या उंबऱ्यापर्यंत अद्याप पोचलेले नाही.

एक हजार तरी ज्यांना मिळतात ते त्यांतल्या त्यात सुदैवी म्हटले पाहिजेत. भविष्यनिधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. एकाच छपराखालचे माग कुटुंबातील वेगवेगळ्या नावांवर दाखविले, की वीसचा आकडा कधीच गाठला जात नाही. यंत्रमागाच्या भविष्यनिधीचा वाद सोलापुरात वर्षानुवर्षे चालला तो यामुळेच. बिडी वळणाऱ्या स्त्रियांची कथा आणखी लांबलेली. घरी बसून बिडी वळणारी स्त्री कामगारच नव्हे, असा मालकांचा पवित्रा होता. तिलाही भविष्यनिधीचा हक्क आहे, हे १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्यांची नोंदच कोठे झाली नाही, त्यांच्यासाठी उरते राज्याची श्रावणबाळ योजना. २०२३ साली तिची रक्कम दीड हजार करण्यात आली, परंतु लाभासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे अशी अट आहे. म्हणजे महिन्याला साऱ्या कुटुंबाचे साडेसतराशे. एवढ्यात सोलापुरात कोणते कुटुंब जगते? मदत घ्यायची तर खोटा दाखला काढा, खरे बोलाल तर उपाशी राहा, असा हा व्यवहार आहे. श्रमाने जगलेल्या माणसाला उतारवयात सरकारने खोटे बोलायला शिकवावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

लहान यंत्रमागधारकांचे म्हणणे येथे ऐकून घेतले पाहिजे. सुताचे भाव, विजेचे दर आणि मोठ्या व्यापाऱ्यांची उधारी यांत तोही पिळला जातो, सारा बोजा त्याच्याच माथी मारू नये, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु याचा निष्कर्ष कामगाराने उपाशी राहावे असा होत नाही. म्हातारपणाची तरतूद एकेका मालकाच्या ऐपतीवर आणि इच्छेवर सोडता येणार नाही, एवढाच तो होतो. याचा मार्ग महाराष्ट्रानेच पूर्वी दाखविला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालक अनेक असोत, काम रोज बदलो, मंडळ मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही वसूल करते आणि त्यातून भविष्यनिधी व उपदान देते. 'वीस कामगार आहेत काय' हा प्रश्नच तेथे उरत नाही. हे तत्त्व मागाला आणि बिडीला लावण्यात तांत्रिक अडचण कोणती?

संघटित प्रयत्नाने काय साधते, याचे उदाहरणही सोलापूरच्याच वेशीवर आहे. बिडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली सहकारी संस्था उभारली. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली व २००६ साली ती या स्त्रियांच्या हाती आली. त्याच धर्तीवर रे नगरात तीस हजार घरांची योजना आखली गेली आणि तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण होऊन मिळाली. यांतली एकही स्त्री एकटीने बचत करून घर बांधू शकली नसती. सरकारी अनुदान, स्वतःचा वाटा आणि वर्षानुवर्षांचे मोर्चे एकत्र आले तेव्हा भाड्याच्या खोलीतली बाई घरमालकीण झाली. म्हातारपणी कोणी घराबाहेर काढणार नाही, हा विश्वास तिला मिळाला. ज्याला पुरवण्या संपत्ती म्हणतात तिचा गाभा हा विश्वासच आहे.

छप्पर मिळाले, आता त्याखालच्या चुलीचा प्रश्न आहे. मागण्या नेमक्या हव्यात. निवृत्तिवेतनाची किमान रक्कम सरकारने स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी मान्य केलेल्या आकड्याकडे टप्प्याटप्प्याने न्यावी आणि तिला महागाई भत्ता जोडावा. निधीत तूट आहे असे सरकार सांगते. तर १९९५ पासून जागचा न हललेला १.१६ टक्क्यांचा वाटा आधी वाढवावा. यंत्रमाग व बिडीसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ व्हावे. श्रावणबाळ योजनेची एकवीस हजारांची अट काढून टाकावी. यांतील एकही मागणी श्रीमंत होण्याची नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना दहा हजार मिळाले ते संघटनेच्या बळावर, कुंभारीची घरे मिळाली तीही संघटनेच्याच बळावर. मागावरचा माणूस व बिडीवरची बाई जेव्हा निवृत्तिवेतनासाठी त्याच निर्धाराने एकत्र येतील, तेव्हा दुसरा दर सरकारला आपोआप अशक्य होईल. ते घडवून आणण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे आणि ते पेठापेठांतून, नोंदवही हातात घेऊन, आजच सुरू करता येण्यासारखे आहे.