मास्तर मिळेपर्यंत थांबायचं कशाला?

सांगलीच्या आमच्या बैठकीला कोरेगावकडची एक मुलगी येते. शिलाईच्या पैशांतून तिनं एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रा पार्टीचा डबल बास विकत घेतला. माणसाएवढं उंच, चार जाड तारांचं, उभ्यानं वाजवायचं वाद्य. घरी पहिला प्रश्न आला, "शिकवणार कोण?" साताऱ्यात आणि सांगलीत तिनं चौकशी केली, कुणी सापडलं नाही. "मग आधी मास्तर शोध, तोवर ते कोपऱ्यात राहू दे."

मैत्रिणींनो, हे 'आधी मास्तर' जरा तपासून बघू या. तिचा भाऊ ढोलकी कुणाकडे शिकला? गणपतीच्या मंडपात, भजनात, चुकत माकत. त्याला कुणी गुरूचं नाव विचारलं नाही. मुलीसाठी मास्तर म्हणजे पुण्याच्या खेपा, एसटीचं भाडं, रात्री आणायला कोण जाणार, आणि मास्तर पुरुष असला तर सोबत कोण बसणार. यातलं एक अडलं की शिक्षण संपलं. 'नको' म्हणायची गरजच पडत नाही, अट घातली की काम भागतं!

"एवढं धूड मुलीला पेलेल का?" हा दुसरा आक्षेप. उसाच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला हे कुणी विचारत नाही. मिरजेचा तंबोरा, ज्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो बसलेल्या मुलीच्या डोक्यावर जातो. पण गवयाच्या मागं बसून छेडायचा असल्यामुळं तो तिच्या हातात शोभतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं 1966 साली ओरिन ओब्रायन यांना घेतलं, तेव्हा त्या वाद्यवृंदात त्या एकट्याच बाई होत्या. त्यांचं वाद्य डबल बासच.

मास्तर नकोच असं मी म्हणत नाही. एकलव्याचं कौतुक पुरे झालं, त्याचा अंगठा कुणी मागितला तेही आठवावं. हाताला चुकीची सवय लागली तर ती मोडायला जाणतं माणूसच लागतं. पण तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. पेटीवर सूर धरून तारा लावायच्या: सर्वात जाड तारेपासून ई, ए, डी, जी. मागच्या तारेला सा मानलं की पुढची तार म. डाव्या हाताचा अंगठा दांडीमागं नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. मोकळ्या तारांवर गज सावकाश ओढायचा. तारा बदलायच्या त्या एकेक करून, कारण घोडी चिकटवलेली नसते, सगळ्या तारा सोडल्या की ती पडते. आणि मनगट दुखलं की थांबायचं. ही मुलगी महिनाभर एवढंच करते आहे. शेजारी भिंतीवर थापा मारतात. भावाच्या ताशाच्या वेळी त्यांचे हात कुठं होते कोण जाणे.

आता आपल्या घरचं. मोर्चात गाणी आपण म्हणतो, पण ढोलकी कुणाच्या गळ्यात असते? बहुतेक वेळा एखाद्या भाऊंच्या. बायकांना ताल जमत नाही असं ते म्हणत नाहीत. आपणच त्यांना निरोप धाडतो. कार्यालयात सतरंज्या आहेत, मेगाफोन आहे, स्वतःची ढोलकी नाही.

पुढच्या शिबिरात रात्रीचा एक तास वाद्यांसाठी ठेवावा अशी सूचना मी बैठकीत मांडली. "शिकवणार कोण?" असं लगेच विचारलं, ते आपल्याच एका ताईंनी.