सी ड्राइव्हची आवराआवर

दिवाळी तोंडावर आली, की मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी हटकून निघतात: माळ्यावरचे डबे आणि त्यांवरून होणारा वाद. अलीकडे तिसरीची भर पडली आहे. संगणकावरच्या सी ड्राइव्हची पट्टी तांबडी होते. दहा टक्क्यांहूनही कमी जागा उरली, असा त्याचा अर्थ. मग घरातला सर्वांत कमी आठवणी असलेला सभासद पुढे सरसावतो. आमचे चिरंजीवही म्हणाले, "बाबा, जुनं सगळं उडवून टाकू का?"

मी म्हटले, "आधी मोठं काय आहे ते दाखव. जुनं काय, ते मग पाहू."

सी हे अक्षरही तसे जुनेच. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली, म्हणून तिसरे हार्ड डिस्कच्या वाट्याला आले. १९८३ साली आयबीएमच्या एक्सटी संगणकात ही डिस्क १० एमबीची होती. आजच्या मोबाइलचे दोन-तीन फोटो तीत मावले असते. आता १२८ जीबीही पुरत नाहीत. त्यातून कारखानदार हजाराने मोजतो आणि विंडोज १०२४ ने, म्हणून १२८ जीबी घरी येऊन ११९ भरतात. गवळ्याचे माप कुणाला आठवले, तर तो माझा दोष नव्हे.

जागा संपली, तर यंत्र नुसते मंद होते असे नाही. सुरक्षेची नवी दुरुस्ती उतरवून घ्यायलाही त्याला जागा लागते. ती नसली की दार उघडे राहते. म्हणून आवराआवर हवीच.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडावे. कोणी किती जागा अडवली, त्याचा हिशेब तिथे मिळतो. 'टेंपररी फाइल्स' हा यंत्राचा स्वतःचा केर; तो खुशाल काढावा. मात्र त्या यादीत 'डाउनलोड्स' दिसले, तर तिथली खूण आधी काढावी, कारण त्यात आपली कागदपत्रे असतात. विंडोजची मोठी सुधारणा झाली, की जुनी विंडोज कित्येक जीबी अडवून बसते. ती साधारण दहा दिवसांनी आपणहून जाते. नवी नीट चालत असेल, तर आधीही घालवता येते. हायबरनेटची फाइल ८ जीबी रॅमच्या यंत्रात तीनएक जीबींची असते. ही सोय नको असल्यास जाणत्याकडून बंद करून घ्यावी; यंत्र सुरू व्हायला थोडा वेळ अधिक लागेल, इतकेच. रिसायकल बिन रिकामी केल्याविना जागा सुटत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि 'विंडोज' नावाच्या फोल्डरात स्वतः हात घालू नये.

आमच्या यंत्रात एवढ्यानेच २३ जीबी मोकळे झाले. चिरंजीवांच्या 'जुन्या' यादीत मात्र एक ध्वनिमुद्रण होते. माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणते आहे: बारा मिनिटे, ११ एमबी. आईला जाऊन सहा वर्षे झाली. ते पुसून यंत्राला कितीशी जागा मिळाली असती? जे पुन्हा मिळणार नाही, ते बहुधा असेच लहान असते.

आता पुष्कळांचा डी ड्राइव्ह रिकामा असतो. फोटो तिकडे हलवले, की सीला श्वास घेता येतो, हे खरे. परंतु सी आणि डी बहुधा एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात. घर पडले, तर दोन्ही पडतात. क्लाउडचेही तसेच: जोडलेल्या फोल्डरातून फाइल पुसली, की ती तिथूनही जाते.

तेव्हा या दिवाळीत क्रम असा ठेवावा. प्रथम यंत्राचा केर काढावा. मग वेगळ्या डिस्कवर आपल्या ठेव्याची दुसरी प्रत करावी आणि ती उघडते की नाही, ते पाहावे. त्यानंतरच चिरंजीवांना माळ्यावर चढू द्यावे.